दोन कातळांमधली लाल माती

२०१५ च्या मार्चमध्ये आम्ही चौघांनी मिळून पृथ्वीच्या इतिहासातली सात कोटी नव्वद लाख वर्षं बावीस पानांत उरकली. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, मुखपृष्ठावर टी-रेक्स. सिव्हिल इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, विषय इंजिनियरिंग जिऑलॉजी. मॅडमनी वर्गाचे गट पाडले, चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येक गटाला एकेक भूशास्त्रीय कालखंड वाटून दिला. कुणाला कार्बोनिफेरस आला, कुणाला पर्मियन. आम्हाला क्रिटेशस आला तेव्हा आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. डायनोसॉर, मग उल्का, मग खलास. यात अभ्यास करण्यासारखं काही उरलंय असं आम्हाला वाटतच नव्हतं. सगळं लहानपणी टीव्हीवर पाहून झालं होतं.

मी आता सॉफ्टवेअर लिहितो. सिव्हिलची डिग्री घेऊन आयटीत शिरलेल्या हजारोंपैकी एक. गेल्या वर्षी गूगल ड्राइव्ह भरल्याचा इशारा आला म्हणून जुन्या फायली उडवत बसलो होतो, तेव्हा तो रिपोर्ट सापडला. उडवण्याआधी एकदा चाळला. हाताच्या सवयीने शोधाच्या चौकटीत 'डेक्कन' टाइप केलं. शून्य. 'महाराष्ट्र'. शून्य. 'इंडिया' एकदा सापडला, तेव्हा भारत हे बेट होतं अशा अर्थाच्या एका वाक्यात. मेक्सिको अकरा वेळा. रिपोर्ट जिथे लिहिला ते हॉस्टेल, जिथे सादर केला तो वर्ग आणि जिथे झेरॉक्स काढली ती टपरी, हे सगळं ज्या काळ्या खडकावर उभं होतं, तो खडक क्रिटेशसच्या शेवटाचा साक्षीदार आहे. त्याचं नाव आमच्या रिपोर्टात एकदाही नव्हतं.

खरं तर होतं. दोन पानं होती. ती मी काढली.

*

आमच्यातला एक जण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. हॉस्टेलवर गावावरून नावं पडतात, तशी त्याला सगळे 'खटाव'च म्हणायचे. दुष्काळी पट्टा. त्याचे वडील विहिरी खणायची कामं घ्यायचे. स्वतःची यारी, चार-पाच माणसं, सुरुंग लावणारा एक जण ठरलेला. मी गटाचा लीडर होतो, म्हणजे लॅपटॉप माझा होता. कामं वाटताना खटाव म्हणाला, "मी आपल्या इथल्या खडकाचं लिहितो." मी म्हटलं, लिही. शनिवारी तो गावी गेला आणि सोमवारी दोन गोष्टी घेऊन आला. वर्तमानपत्रात बांधलेलं लाल मातीचं एक ढेकूळ, आणि मराठीत लिहिलेली दोन फुलस्केप पानं. इंग्रजी मी करून देईन असं मीच त्याला सांगितलं होतं.

त्या पानांत काय होतं ते मला बऱ्यापैकी आठवतं. विहीर खणताना वरून खाली काय काय लागतं, ते त्याने वडिलांना विचारून लिहिलं होतं. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण फोडत खाली गेलं की कधीकधी भोकाभोकांचा, पांढरे स्फटिक भरलेला मऊ खडक लागतो. आणि कधी त्याच्या डोक्यावर, वीतभर ते हातभर जाडीचा लाल पट्टा. त्याच्याखाली हा मऊ खडक आणि पुन्हा काळा पाषाण. लाल माती खणायला सोपी, पण उघडी पडली की उन्हापावसात फुगते आणि ढासळते, म्हणून तिथे बांधकाम करून घ्यावं लागतं. शेवटी एक वाक्य होतं: वडिलांच्या मते ही माती विटेसारखी भाजलेली आहे, आणि खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त.

हे वाक्य मी रूमवर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "विहिरीत उतरून माती भाजायला कोण बसलं होतं रे?" सगळे हसले. खटावही हसला.

दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, "पानं जास्त होतायत. मॅडमनी वीसच सांगितलीत." रिपोर्ट तरीही बावीस पानांचा झाला. टी-रेक्सचं पानभर चित्र आम्ही ठेवलं होतं.

तोंडी परीक्षेत मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "क्रिटेशसच्या शेवटी महाराष्ट्रात काय चाललं होतं?" मी मेक्सिकोबद्दल बोलायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि बाकीच्यांकडे पाहिलं. खटाव मागे उभा होता. काही बोलला नाही. पंचवीसपैकी एकवीस मिळाले.

*

आम्हाला डेक्कन ट्रॅप माहीत नव्हता असं नाही. चांगला माहीत होता. पण तो धरणं आणि बोगद्यांच्या युनिटमध्ये होता. बेसॉल्टचे थर, त्यांतल्या फटी, धरणाचं पाणी झिरपेल का, बोगद्याचं छत टिकेल का, लाल पट्टा लागला तर काय करायचं. क्रिटेशस होता कालखंडांच्या तक्त्यात. एकाच वहीतली ही दोन पानं एकमेकांना लागून आहेत, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. एकावर पूल बांधायचे होते, दुसऱ्यावर पीपीटी करायची होती.

नावापासूनच सुरुवात करायची तर 'क्रिटेशस' हे नाव १८२२ मध्ये द'ओमालियस द'अलॉय या बेल्जियन भूशास्त्रज्ञाने पॅरिसच्या आसपासच्या खडूच्या थरांवरून दिलं. लॅटिनमध्ये क्रेटा म्हणजे खडू. साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी हा काळ सुरू झाला आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. पांढऱ्या खडूवरून नाव पडलेल्या या काळाच्या अगदी शेवटी आपल्याकडे जे घडलं त्याचा रंग मात्र काळा आहे.

भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात रेयुनियन बेट आहे, तिथला तप्त उद्रेकबिंदू तेव्हा या सरकत्या भूभागाच्या खाली होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एका उंच शंकूतून नव्हे, भेगांतून, पुरासारखा. एक लोंढा थिजायचा, काही काळ शांतता, मग दुसरा. असे थरांवर थर. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे, आणि झिजून गेलेलं धरून मूळ लाव्हा ११ लाख घन किलोमीटरपेक्षा जास्त असावा असा अंदाज आहे. इंजिनियर असल्यामुळे मी लगेच भागाकार केला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. हा सगळा लाव्हा एकट्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर जाडी साडेतीन किलोमीटर भरेल. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी वर लाव्हा उरेल.

काही लोंढे पार राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. हजारेक किलोमीटर. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हा-प्रवाहांत त्यांची गणना होते.

'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश आहे, जिना या अर्थाचा. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्स यांनी १८२० च्या दशकात दख्खन पायी आणि घोड्यावरून पालथा घातला आणि इथल्या डोंगरांच्या पायऱ्या त्यांच्या नजरेत भरल्या. आपणही त्या रोज पाहतो. एसटीच्या खिडकीतून घाट बघताना सरळसोट कडा, मग गवताची तिरपी पट्टी, मग पुन्हा कडा दिसतो. कडा म्हणजे लोंढ्याचा घट्ट गाभा. तिरपी पट्टी म्हणजे लोंढ्याचा सच्छिद्र माथा आणि दोन लोंढ्यांमधला ठिसूळ भाग. खटावचा लाल पट्टा याच ठिसूळ भागातला.

*

हे सगळं कधी घडलं, हा प्रश्न वाटतो त्याहून फार अवघड निघाला. त्याला जवळपास पावणेदोनशे वर्षं लागली, आणि त्यातला एक मोठा टप्पा नागपूरला घडला.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा चालवायची, धर्मप्रचार करायचा, आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचे. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांना आणि त्यांचे सहकारी हंटर यांना शहराजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात जीवाश्म सापडले. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया, लाकूड. लाव्हात जीव राहत नाही. त्या अर्थी एक लोंढा थिजल्यावर आणि दुसरा येण्याआधी तिथे तळं होतं. काठाला झाडी होती. गोगलगायींच्या पिढ्या जन्मून मरण्याइतकी उसंत मिळाली होती. हिस्लॉप आणि हंटर यांचा शोधनिबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून गेले. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस.

त्यांनी या थरांचं वय टर्शरी धरलं होतं, म्हणजे डायनोसॉरनंतरचं. पुढे हाच वाद एका घराण्यात दोन बाजूंनी लढला गेला. भारतीय पुरावनस्पतीशास्त्राचे जनक बिरबल साहनी यांनी या गाळातल्या वनस्पती तपासल्या. ताडवर्गातली झाडं, फळं. हे सगळं त्यांना डायनोसॉरनंतरच्या जगातलं वाटलं, आणि १९३० च्या दशकात त्यांनी डेक्कन ट्रॅप टर्शरी असल्याचा पक्ष जोरात मांडला. अर्धशतकानंतर त्यांचेच पुतणे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी अशाच थरांमधला गाळ चाळत होते. त्यांना डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले. लाव्हा वाहायला लागल्यानंतरही डायनोसॉर इथे अंडी घालत होते. काकांच्या झाडांनी एक सांगितलं, पुतण्याच्या कवचांनी दुसरं.

याच अशोक साहनींचा सहभाग असलेलं आणखी एक काम माझं फार आवडतं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लाव्हाच्या खालच्या थरांत डायनोसॉरची हाडं मिळतात आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर समज असा होता की गवत डायनोसॉर गेल्यानंतर अवतरलं. पिसदुऱ्याच्या शेणाने तो मोडला. आमच्या रिपोर्टात टी-रेक्सच्या पायाखाली गवत नव्हतं, कारण चित्रकाराने ते काढलं नव्हतं. आणि विदर्भातल्या एका गावात डायनोसॉर गवत खाल्ल्याचा पुरावा आमच्या प्रोजेक्टच्या दहा वर्षं आधीच निघालेला होता.

*

उल्केची गोष्ट १९८० मधली. लुइस अल्वारेझ हे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा वॉल्टर हा भूशास्त्रज्ञ, सोबत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल हे दोन रसायनतज्ज्ञ. इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ क्रिटेशसच्या अखेरच्या चुनखडीवर सेंटिमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर आहे. त्यात त्यांना इरिडियम नेहमीच्या सुमारे तीसपट आढळलं. पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ आणि अशनींमध्ये मुबलक असलेला हा धातू. त्यावरून सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अवकाशीय गोळा आदळला असणार, असं त्यांनी मांडलं. १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली चिक्शुलूब हे जवळपास १८० किलोमीटरचं गाडलं गेलेलं विवर आघाताचं असल्याचं निश्चित झालं. सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्याचं कारण मिळालं. आमचा रिपोर्ट इथे सुरू होऊन इथेच संपत होता.

पण त्याच काळात काही जण दख्खनकडे बोट दाखवत होते. अमेरिकेतले ड्यूई मॅक्लीन म्हणत होते की एवढ्या लाव्हातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने हवामान बिघडवलं असणार. यावर सरळ आक्षेप असा होता की ज्वालामुखी कोट्यवधी वर्षं रेंगाळत चालू असतील, तर त्यांनी एकाएकी काय मारलं असणार? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. कधी, आणि किती वेळात?

१९८६ मध्ये फ्रान्सचे व्हँसाँ कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर खडकातल्या चुंबकत्वातून दिलं. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रांगेत बसतात आणि तसेच राहतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटे होतात, आणि या उलटापालटींची यादी उपलब्ध आहे. सह्याद्रीसारखा प्रचंड थर कोट्यवधी वर्षांचा असता तर त्यात अनेक उलटापालटी दिसायला हव्या होत्या. दिसल्या फक्त दोन. सर्वांत खाली सुलट, मध्ये उलट, वर पुन्हा सुलट, आणि बहुतेक खडक मधल्या उलट काळातला. तो उलट काळ एक दशलक्ष वर्षांहूनही छोटा आहे, आणि क्रिटेशसचा शेवट नेमका त्यातच पडतो.

हे वाचताना मला माझ्या कामातली लॉग फाइल आठवली. सर्व्हर कोसळतो तेव्हा आपण लॉग उघडतो आणि वेळेचे शिक्के बघतो. कुठली चूक आधी आणि कुठली नंतर, यावरच कारण ठरतं. दोन घटना एकाच मिनिटात घडल्या असतील आणि घड्याळ मिनिटाहून बारीक मोजत नसेल, तर भांडत बसावं लागतं. दख्खन आणि चिक्शुलूब यांच्या बाबतीत तीस वर्षं हेच चाललं होतं. अधिक बारीक घड्याळ हवं होतं.

*

बारीक घड्याळ असतं झिरकॉन नावाच्या स्फटिकात. केसाच्या जाडीएवढा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. तयार होताना तो युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही. नंतर युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. आत किती शिसं साठलं ते मोजलं की वय मिळतं. अडचण अशी की बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, त्यामुळे झिरकॉन सहसा बनतच नाही. ज्या खडकाचं वय हवं त्यात घड्याळच नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत गेर्टा केलर आणि एक भारतीय संशोधकही होते, ते घड्याळ दुसरीकडे शोधलं. दोन लोंढ्यांच्या मधल्या लाल पट्ट्यांत.

हा पट्टा म्हणजे काय, तर एक लोंढा थिजल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ऊन-पाऊस-वाऱ्याने तयार झालेली माती. उसंतीच्या त्या काळात हवेतून पडलेली ज्वालामुखीची राखही त्यात साठायची, आणि काही राख जास्त सिलिका असलेल्या उद्रेकांची होती. तिच्यात झिरकॉन होते. मग पुढचा लोंढा यायचा, हजार अंशांहून तापलेला, आणि ही माती वरून भाजून काढायचा. लोह गंजून लाल झालेली माती, पक्क्या विटेसारखी, वरच्या बाजूला जास्त भाजलेली.

हा परिच्छेद मी प्रथम वाचला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी लॅपटॉप बंद करून ठेवला. खटावच्या वडिलांचं वाक्य जसंच्या तसं माझ्या समोर होतं, फक्त इंग्रजीत.

या पट्ट्यांतल्या झिरकॉनवरून निष्कर्ष निघाला की उद्रेकांचा मुख्य टप्पा क्रिटेशसच्या शेवटाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि सुमारे साडेसात लाख वर्षांत बहुतेक लाव्हा बाहेर पडला. हा निबंध जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स'च्या अंकात छापून आला. आमचं बाइंडिंग झालं त्याच्या दोन महिने आधी. जगातलं एक अव्वल नियतकालिक सह्याद्रीतल्या लाल मातीबद्दल लिहीत होतं तेव्हा तसलंच एक ढेकूळ माझ्या रूमच्या खिडकीत वर्तमानपत्रात पडून होतं, आणि मी पानं मोजत होतो.

*

इथपर्यंत आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटेल त्याला सांगायला लागलो की उल्काबिल्का सगळं झूट, डायनोसॉर आपल्या सह्याद्रीने मारले. ऐकणाऱ्यांना हे भलतंच आवडायचं. कुणाच्या तरी छातीत अभिमान दाटून यायचा. मला त्यात काय चुकतंय ते कळायला आणखी वाचावं लागलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनवर दोन शोधनिबंध आले. शोन यांच्या गटाने लाल पट्ट्यांतल्या झिरकॉनवरून सांगितलं की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक झटका आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधीच सुरू झाला होता. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसॉल्टमधल्याच खनिजांचं आरगॉन पद्धतीने वय काढलं आणि म्हटलं, झटके वगैरे नाहीत, लाव्हा साधारण सलग वाहत होता, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश आघातानंतर बाहेर पडला. तोच डोंगर, तेच घाट, दोन घड्याळं, दोन उत्तरं. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा खडक मात्र दोन्ही हिशोबांनी डायनोसॉर संपल्यानंतरचा आहे. तिथल्या पॉइंटवर उभं राहून मक्याचं कणीस खाताना आपण त्या सगळ्या संहाराच्या वर उभे असतो.

पुढच्या वर्षी पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या नोंदींवरून दाखवलं की दख्खनच्या वायूंमुळे झालेली तापमानवाढ आघाताच्या पुष्कळ आधी होऊन ओसरलीही होती. त्यामुळे त्यांच्या मते संहाराचं कारण आघातच. आज बहुतेक संशोधकांचा कल आघाताकडे आहे. दख्खनने आधी जग किती कमकुवत केलं आणि नंतर सावरायला किती वेळ लावला, यावर काम चालू आहे.

म्हणजे आमचा रिपोर्ट निष्कर्षात फारसा चुकला नव्हता. मेक्सिको अकरा वेळा लिहिण्यात काही गैर नव्हतं. चूक वेगळी होती. आम्हाला उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे जे त्यात बसत नव्हतं ते वाचायची गरज वाटली नाही. कँटीनमधला माझा अभिमान हीसुद्धा तीच चूक, फक्त दिशा उलटी. दोन्ही वेळा मी मधला पट्टा सोडून दिला. लाव्हाचा लोंढा थिजायला लागणारा वेळ वर्षांत किंवा दशकांत मोजतात, आणि दोन लोंढ्यांमधली माती व्हायला हजारो वर्षं जातात. शंभर फूट कड्यात जेवढा काळ नसेल तेवढा त्याखालच्या वीतभर मातीत असू शकतो. आपण कडा बघतो, कारण तो उंच आहे.

*

खटावला फोन केला. तो आता गावाकडेच असतो, पाइपलाइनची कामं घेतो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "ती लाल माती आठवते का रे, जिऑलॉजीच्या प्रोजेक्टची?"

"आठवते की. ती पानं तू इंग्रजी करणार होतास."

मी म्हटलं, पानं जास्त होत होती हे मी खोटं सांगितलं होतं. करायचा कंटाळा आला होता, आणि ते मला प्रोजेक्टसारखं वाटलं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मला वाटलेलं माझंच लिहिणं बरोबर नसेल," तो म्हणाला. मग हसून, "अण्णांना मी सांगून ठेवलेलं, कॉलेजच्या पुस्तकात तुमचं नाव येणारंय म्हणून. ते दोनतीनदा विचारत होते. मग सोडून दिलं."

मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. अण्णांनी यारी विकून बरीच वर्षं झाली. आता सगळे बोअर मारतात, आणि बोअरला खडकाचं काही दिसत नाही, नुसती पूड वर येते, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी आम्ही त्यांनी खणलेल्या एका जुन्या विहिरीवर गेलो. पाणी तळाला गेलं होतं, त्यामुळे भिंत पूर्ण उघडी होती. काळा पाषाण, त्याखाली लाल पट्टा, एका बाजूने ढासळलेला, आणि पुन्हा पाषाण. पट्ट्याच्या वरच्या कडेवरून ओल उतरत होती.

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. खालचा पाषाण आधी वाहून आला, मग थांबला. मग कितीतरी वर्षं त्यावर माती होत राहिली. मग वरचा पाषाण तापलेल्या रसासारखा आला आणि त्याने ही माती भाजली. अमेरिकेतल्या लोकांनी याच मातीतून कण काढून त्याचं वय मोजलं. ६ कोटी ६० लाख वर्षं.

अण्णा आकड्यावर काही बोलले नाहीत. पट्ट्याकडे बघत राहिले.

"आरं, मग मी येगळं काय म्हणत हुतो?" ते म्हणाले.

परत येताना खटावने पायऱ्यांवरून उतरून एक ढेकूळ काढून दिलं. या वेळी मी ते घरी आणलं. बोटाने दाबलं तर एका बाजूने भुगा होतो, दुसरी बाजू तशीच कडक राहते. ती फाइल अजून ड्राइव्हवर आहे. आता ती चोवीस पानांची आहे. शेवटची दोन पानं मराठीत आहेत, अण्णांनी सांगितली तशी, आणि त्यांच्या खाली त्यांचं नाव आहे.